विचारून थांबणारा माणूस

त्या सकाळी आमच्या ओतशाळेतले जुने कारागीर रहीमबक्ष उस्ताद कारखान्याच्या फाटकाबाहेरच उभे होते. आमेरहून पहिल्या बसने यायचं, जयपुरात चांदपोलच्या आतल्या गल्लीत सोहोनीसाहेबांच्या खोलीवर डोकावायचं आणि मग कामावर हजर व्हायचं, असा त्यांचा गेल्या पाच वर्षांचा क्रम. मी सायकलवरून उतरलो तसे ते पुढे आले. "पांडेजी, सोनी साहब चले गए," म्हणाले. "कहाँ? बगरू?" मी सहज विचारलं, कारण साहेब असे अधूनमधून सकाळच्या मोटारीने जवळच्या बगरू गावी जात. उस्तादांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि माझ्याकडे नुसतं बघत राहिले... तेव्हा मला कळलं.

या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. त्यांची मुलगी साताऱ्याला. गाडीने इथे पोहोचायला दोन दिवस लागतात, म्हणून "तुम्हीच करा" अशी तिची तार आली आणि अग्नी मी दिला. खांदा द्यायला ओतशाळेतले साचेवाले होते. घासघासून हात धुऊन आले होते बिचारे, पण तळव्याच्या रेषांत बसलेली काजळी कुठे निघते? परत येताना मला एकाएकी जाणवलं की दिवसभरात मी मराठीत एक शब्दही बोललो नव्हतो. यापुढे घराबाहेर तो बोलायचं काही कारणही उरलं नव्हतं.

विनायकराव सोहोनी हे आमच्या पंपांच्या कारखान्याचे पूर्वीचे मॅनेजर. मी वऱ्हाडपांडे, नागपूरचा. नवं राजस्थान होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा मी त्यांच्या हाताखाली असिस्टंट म्हणून लागलो. स्टेशनच्या पलीकडे, रुळांना लागून आमची पत्र्याची लांबच लांब शेड होती. लोखंड वितळवायची भट्टी, साचे घालायची ओतशाळा, मग लेथ आणि जोडणी. इथे सोनी म्हणजे सोनार, त्यामुळे सोहोनींचे पहिल्याच महिन्यात 'सोनीजी' झाले होते. माझ्या नावातला वऱ्हाड लोकांनी परस्पर काढून टाकला. "चला, पांडेजी," साहेब पहिल्या दिवशी हसून म्हणाले, "आपण दोघंही इथे अर्धेमुर्धेच राहणार. पूर्ण नावानं हाक मारायला आपण एकमेकांना आहोत." आणि खरोखरच, ते मला नेहमी पूर्ण 'वऱ्हाडपांडे' म्हणत, एक अक्षर न गाळता. माझ्या बोलण्यातल्या हिंदीवर मात्र त्यांचा डोळा असे. मी "मतलब" म्हटलं की ते हळूच "म्हणजे" म्हणून वाक्य पुढे चालवायला लावत.

त्यांची पत्नी ते जयपूरला येण्याआधीच वारली होती. कारखान्याच्या मालकांनी, सेठजींनी, सिविल लाइंसच्या साहेबी वस्तीच्या बाजूला बंगली देऊ केली होती, ती त्यांनी घेतली नाही. "एकटा माणूस बंगल्यात काय करील, प्रतिध्वनी ऐकेल?" असं म्हणून ते जुन्या शहरात दोन खोल्या घेऊन राहिले. मॅनेजरची केबिन होती, तिला उन्हाळ्यात वाळ्याचा पडदा लागे, त्यावर पाणी शिंपडलं की आत सुखद गारवा. पहिल्याच मे महिन्यात त्यांनी आपलं टेबल बाहेर शेडमध्ये आणवलं आणि केबिन साचेवाल्यांना दुपारी जेवायला, पाठ टेकायला दिली. आंधी आली की कागदांवर बोटभर धूळ बसे. मी म्हटलं, "साहेब, मॅनेजरनं असं उघड्यावर बसलं तर लोक मान देणार नाहीत." ते म्हणाले, "मान घेऊन मला कुठे ठेवायचाय? त्यांची जेवायची सोय व्हायला हवी."

रोज सकाळी भट्टी पेटायच्या आधी ते शेडभर एक फेरी मारत आणि प्रत्येकापाशी थांबून विचारत, "क्या अटका है?" तुमचं काय अडलंय? सुरुवातीला मला हा प्रश्न फार बावळट वाटायचा. अडलं असेल तर माणूस येऊन सांगेलच की! पण तेव्हा मी स्वतःला फार शहाणा समजत होतो. माझ्या शहाणपणाची गोष्ट सांगतो. साचा घालायला वाळू लागते. आमची वाळू दूरच्या नदीपात्रातून ट्रकने यायची. मी चौकशी करून जवळचीच एक खाण शोधली आणि कोणालाही न विचारता तिथली वाळू सुरू केली. महिन्याभरात ओतीव भागांत फोडासारख्या पोकळ्या येऊ लागल्या. असे भाग फेकूनच द्यावे लागतात. भट्टीमागे भंगाराचा ढीग असे, तो पार कुंपणाच्या भिंतीवर डोकावू लागला. मी साचेवाल्यांवर चिडलो. रहीमबक्ष उस्तादांना, माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला, सगळ्यांदेखत नको ते बोललो. ते खाली मान घालून ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी साहेब उस्तादांपाशी गेले आणि त्यांनी नेहमीचाच प्रश्न केला. उस्ताद म्हणाले, "कुछ नहीं, साहब." मी असतो तर पुढे गेलो असतो. साहेब तिथेच उकिडवे बसले. किती वेळ कोण जाणे, पण मला घड्याळ बघावंसं वाटण्याइतका वेळ. उस्ताद साच्यावर थापी मारत राहिले, साहेब बघत राहिले... अखेर उस्तादांनी मूठभर वाळू उचलली, दाबली आणि साहेबांच्या तळहातावर ठेवली. "यह साँस नहीं लेती," ते म्हणाले. ही वाळू फार बारीक होती, आतली वाफ बाहेर जाऊ देत नव्हती. वाळूचा पहिला ट्रक उतरला त्याच दिवशी उस्तादांना हे कळलं होतं. मी विचारलं, मग सांगितलं का नाही? तर म्हणाले, "आपने मँगाई थी. आपने पूछा कब?"

साहेबांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. दुसऱ्या सकाळी ते मला आणि उस्तादांना घेऊन ट्रकमध्ये बसले, आम्ही नदीपात्रात गेलो आणि कुठली वाळू घ्यायची ते उस्तादांनी ठरवलं. पंधरा दिवसांत ढीग भिंतीखाली गेला. त्यानंतर साहेब होते तोवर तो कधी गुडघ्याच्या वर आला नाही. सेठजी खूश होते, मागणी वाढत होती, शेर-मण जाऊन किलो आले तेव्हा आमचे पंप थेट गुजरातेच्या हद्दीपर्यंत जात होते. याचं श्रेय बाहेरचे लोक नव्या भट्टीला देत. आम्हाला ठाऊक होतं की शेडमधला माणूस चूक झाली की लपवत नाही, पळत येऊन सांगतो. बाकी काही जादू नव्हती.

आता जे लिहायचं ते लिहिण्यासाठीच खरं तर हा लेख हाती घेतला आहे... आणि इथेच हात अडखळतो.

चीनच्या लढाईनंतरचा उन्हाळा होता. वाळवंटाच्या बाजूच्या गावांतल्या विहिरींसाठी पंपांची मोठी मागणी आली होती आणि सेठजींनी तारीख कबूल करून टाकली होती. पंपाचं बाहेरचं ओतीव कवच जोडणीआधी चाचणीच्या हौदात पाण्याच्या दाबाखाली ठेवून तपासावं लागतं. कुठे पाझर दिसला की ते बाद. ही तपासणी माझ्याकडे होती. शेवटची खेप उरली, मालगाडीचा डबा दुपारी लागणार होता, सेठजींचे निरोपावर निरोप येत होते. साहेब त्या दिवशी एका साचेवाल्याच्या बायकोला घेऊन हॉस्पिटलात गेले होते. मी ती कवचं तपासली नाहीत. तपासली असं लिहून खाली सही केली आणि माल रवाना केला.

तीन आठवड्यांनी तक्रार आली. एका गावात बसवलेली दोन कवचं तडकली होती आणि आठ दिवस त्या विहिरीतून पाणी निघालं नव्हतं. ऐन ज्येष्ठ. साहेब दुसरी कवचं आणि दोन फिटर घेऊन निघाले, मीही बरोबर होतो. गावात पोहोचलो तेव्हा बायका कोसभरावरून घागरी आणत होत्या. साहेब पंपाकडे वळण्याआधी त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "गलती हमारी है." एका म्हातारीने घागर खाली न ठेवताच त्यांना न्याहाळलं. "चलो, आये तो सही," ती म्हणाली आणि पुढे गेली. संध्याकाळपर्यंत पाणी सुरू झालं. परतीच्या वाटेवर जीपमध्ये साहेब माझ्याशेजारी बसले होते. सगळ्या दुनियेला विचारणाऱ्या या माणसाने मला मात्र काहीही विचारलं नाही. मीही काही बोललो नाही. तपासणीची वही ते रोज संध्याकाळी चाळत, तेव्हा सही कोणाची हे त्यांना माहीत होतं. त्यांना माहीत आहे हे मलाही माहीत होतं. सांगायला वाटभर वेळ होता.

सेठजींनी आम्हा दोघांना कोठीवर, म्हणजे त्यांच्या बंगल्यावर, बोलावलं. सरकारी खात्यात नाचक्की झाल्याने ते संतापले होते. "किसकी गलती है? मुझे नाम चाहिए," ते म्हणाले.

"नाम मेरा है," साहेब म्हणाले. "जल्दी का माल मैंने जाने दिया."

"आप तो उस दिन थे ही नहीं, सोनीजी! नाम दीजिए."

"कारखाना मेरे हाथ में है, सेठजी. नाम दे दिया मैंने."

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. घरी माझी मुलगी दोन महिन्यांची होती, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होतो. साहेबांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी बोललो असतो का? पुष्कळ दिवस मी समजूत घालत होतो, की बोललो असतो. आता तसं म्हणवत नाही.

त्याच आठवड्यात ते कारखाना सोडून गेले. निरोपाचा हार नाही, भाषण नाही. जाताना त्यांनी शेडभर नेहमीसारखी फेरी मारली, एवढंच. त्यांच्या जागी आलेले मॅनेजर केबिनमध्ये बसत. साचेवाल्यांचं जेवण पुन्हा भट्टीजवळच्या उन्हात आलं. वेळेची घंटा आली, शिस्तीचे कागद भिंतीवर लागले. माणूस काही वाईट नव्हता, कामसू होता, पण त्याच्या टेबलापर्यंत कुठलीही चूक पोहोचत नसे. बाद झालेले भाग लोक चाळलेल्या वाळूखाली पुरत आणि एखाद्या आंधीने ते उघडे पडत. दोन चांगले साचेवाले अहमदाबादला निघून गेले. जाताना त्यांनी कारण सांगितलं नाही, कारण कोणी विचारलंही नाही. दोन वर्षांत मागणी निम्म्यावर आली, तेव्हा सेठजी स्वतः गाडी गल्लीच्या तोंडाशी ठेवून सोहोनींच्या खोलीवर गेले.

साहेब परत आले नाहीत. "पांडेजी को कीजिए," ते म्हणाले. "एक चूक क्या होती है, वे जानते हैं." सेठजींनी हे मला मोठ्या कौतुकाने सांगितलं. मी लांबच्या गावी बायकांच्या घागरी पाहून आलो आहे, एवढाच अर्थ त्यांनी घेतला. मला दुसराही अर्थ कळला. मी मॅनेजर झालो तो असा.

मी टेबल पुन्हा शेडमध्ये नेलं. सकाळची फेरी सुरू केली, तोच प्रश्न विचारू लागलो. पण उत्तर यायचं, "सब ठीक है, साहब." महिनाभर सगळं ठीकच होतं आणि ढीग वाढतच होता. शेवटी एकदा उस्तादांना म्हणालो, मी काय वेगळं करतोय? ते म्हणाले, "पूछते तो आप भी हैं, पांडेजी. रुकते नहीं." त्या दिवसापासून मी थांबायला शिकलो. फार जड जातं ते. समोरचा गप्प असतो तेव्हा आपल्याच मनातलं सगळं ऐकू येऊ लागतं, आणि माझ्या मनात काय होतं ते मला ऐकायचं नसे. तरी हळूहळू माणसं बोलू लागली, कारखाना सावरला. अहमदाबादला गेलेल्यांपैकी एक जण परतही आला.

साहेबांचे दिवस मात्र एकटेपणात जात होते. बगरूला कापड छापणाऱ्यांची वस्ती आहे. त्यांना छापलेलं कापड धुवायला रात्रंदिवस पाणी लागतं आणि त्यांचे पंप सतत कुरकुरत असतात. ते दुरुस्त करायला साहेब जात, धोतरावर निळीचे डाग घेऊन परत येत. बाकी वेळ ती दोन खोल्यांची जागा आणि ते. आधी मी दर रविवारी जात असे. मग एक रविवार आड. मग सणावारी. कामाचं निमित्त सांगत असे, आणि ते "बरोबर आहे, कारखाना आधी" म्हणत. दिवाळीला ते आमच्याकडे जेवायला येत. माझी मुलगी त्यांच्या मराठी प्रश्नांना हिंदीत उत्तरं द्यायची. ते हसायचे, पण एकदा तिच्याकडे पाहत मला म्हणाले, "वऱ्हाडपांडे, कधीकधी चार-चार दिवस माझ्या कानावर मराठी पडत नाही हो. मग मी भाजी चिरताना स्वतःशीच मोठ्यानं बोलतो." मी दुसरं काहीतरी बोललो. सगळ्यांचं काय अडलंय ते विचारत आलेल्या या माणसाला, तुमचं काय अडलंय, असं मी उलट कधी विचारलं नाही. विचारलं असतं आणि थांबलो असतो, तर कदाचित तेव्हाच मला माझं बोलावं लागलं असतं.

यंदा संक्रांतीला गेलो. जयपुरात त्या दिवशी सारं शहर गच्चीवर असतं. साहेबही वर सतरंजीवर ऊन घेत बसले होते, शाल गुंडाळून. फार वाळले होते. मी तिळगूळ दिला, पाया पडलो आणि का कोण जाणे, एकदम धीर आला. "साहेब, त्या पंपांच्या वेळी..." एवढं म्हणालो. शेजारच्या गच्चीवर पतंग कापला गेला, "वो काटा!" असा गलका उठला. तो शांत होईपर्यंत साहेब माझ्याकडे बघत थांबले. गलका संपला. मी गप्पच. ते आणखी थांबले... आणि मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "सण आहे आज. पुन्हा या, सावकाश बोलू."

मी जिना उतरलो तो सुटकेचा श्वास टाकत. ही लाज मला जन्मभर पुरेल. पुन्हा जाणं झालं नाही. तीन आठवड्यांनी उस्ताद फाटकाशी उभे होते.

तेराव्यानंतर सेठजींनी कारखान्याच्या अंगणात शोकसभा ठेवली. ते मनापासून बोलले. सोनीजींसारखा मॅनेजर पुन्हा होणार नाही, असं म्हणाले, आणि शेवटी, "उस एक भूल को छोड़ दें तो..." त्यांचं वाक्य पुरं होण्याआधीच मी उभा राहिलो. काय आणि कुठल्या शब्दांत बोललो ते आठवत नाही. तपासणी माझी होती, सही माझी होती, साहेबांना ते ठाऊक होतं आणि मी शेजारी उभा राहून गप्प बसलो, एवढं सांगितलं. सेठजी उठून गाडीकडे निघाले. वाटेत माझ्यापाशी थांबून इतकंच म्हणाले, "अब कहा, पांडेजी? अब मैं किससे माफ़ी माँगूँ?" नोकरी त्यांनी काढून घेतली नाही. घेतली असती तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

माणसं पांगल्यावर उस्ताद माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता हे तोंड फिरवतील. ते म्हणाले, "हमको मालूम था."

"कबसे?"

"शुरू से. चाचणीचं हौद त्या दिवशी कोरडं होतं," ते त्यांच्या हिंदी वळणाच्या मराठीत म्हणाले. इतक्या वर्षांत आम्हा दोघांचं ऐकून तेवढी मराठी त्यांना आली होती, हे मला त्या क्षणी कळलं. मग पुन्हा आपल्या भाषेत, "हम सेठजी के पास जा रहे थे. सोनी साहब ने रोक दिया. बोले, वह खुद कहेगा. रुको."

म्हणजे पाच वर्षं सगळी शेड थांबली होती. रोज सकाळी मी त्यांना विचारत फिरत होतो, आणि ते माझ्यासाठी थांबले होते.

खोलीचं सामान मुलगी येऊन घेऊन गेली. होतंच किती! पण खोलीच्या पत्त्यावर तुमचं हे मराठी वर्तमानपत्र अजून येतं. चार-पाच दिवस शिळं होऊन, टपालाने, गुंडाळून, वर त्यांचं नाव. वर्षाची वर्गणी त्यांनी आधीच भरून ठेवलेली होती. घरमालकीण ते अंक दाराजवळच्या कोनाड्यात रचून ठेवते. रविवारी मी जातो, रिकाम्या खोलीत जमिनीवर बसतो, एकेक अंक उलगडतो आणि मोठ्याने वाचतो. अगदी जाहिरातींसकट. घरमालकिणीला काही समजत नाही, पण ती अंगणातलं काम थांबवून ऐकते. हा मजकूर छापलात, तर तो अंकही असाच त्यांच्या नावाने तिथे येईल. तेवढा एक मी उलगडणार नाही. तो त्यांचा आहे. तो तसाच, बंद, कोनाड्यात ठेवून मी दार ओढून घेईन.